रागाची मूठ

रेल्वे वसाहत, दौंड
बुधवार, दि. १४ नोव्हेंबर १९७३

प्रिय आत्याबाई,
प्रभूच्या नावात सलाम.

मी बरा आहे. तुमची व बाळाची प्रकृती बरी असावी. तुमचा डोळा दुखतो म्हणून अक्षर मोठे काढले आहे. पहिल्या कागदावर खाडाखोड फार झाली, म्हणून हे पुन्हा उतरवून लिहीत आहे.

शेडमध्ये काम पुष्कळ आहे. इंजिनातली राख उपसून हात भेगाळले आहेत. रेशनला अजून मिलोच मिळतो, ती परदेशी लाल ज्वारी. माझी भाकरी तव्यावर टाकताना फुटते. जाई हसली असती.

तुमचे कार्ड मिळाले. बाळाचा बाप्तिस्मा पंचवीस तारखेच्या रविवारी शिरूरला ठरला आहे आणि बापाने मुलीला हातात घेऊन उभे राहिले पाहिजे, असे आनंदराव पाळक म्हणाले, हे वाचले. आधी दोनदा बाप्तिस्म्याची तारीख ठरली, तेव्हा मी रजा मिळत नाही असे कळवले होते. रजा मिळत होती.

आत्याबाई, पाळक विचारतील, या लेकराला प्रभूच्या शिस्तीत वाढवाल का? मी होय म्हणायचे. ज्याने तुमच्या लेकीला, माझ्या जाईला, बाळंतपणात नेले, त्याचीच शिस्त कबूल करायची. ते माझ्या तोंडून निघत नव्हते.

आणि दुसरेही आहे. जाईला माती दिली त्या दिवशी तुम्ही बाळ माझ्यापुढे धरलेत, तेव्हा मी हात मागे घेतले. तुम्ही तिला पदराखाली घेऊन शिरूरला गेलात. तेव्हापासून मी तिला पाहिलेले नाही. पाहिले की मनात येईल, ही आली म्हणून ती गेली. लिहिताना लाज वाटते, पण खरे तेच आहे.

चूल पेटवली की आधी एक मूठ धान्य देवाच्या मडक्यात, ही सवय तुम्हीच जाईला लावलेली. ती गेल्यावर मडके रिकामे राहिले. मग एका शनिवारी रतनबाई आल्या. इथल्या ख्रिस्ती मंडळीची मूठ त्याच घरोघर फिरून गोळा करतात.

"चूल पेटती का रं?"

"पेटते."

"मग मूठ?"

मी म्हणालो, "मावशी, देवानं माझं घर नेलं. आता दाणेही पाहिजेत का त्याला?"

"त्याला कशाला? पाळकाच्या घरी लागत्यात." पिशवीचे तोंड त्यांनी उघडेच धरले होते.

"माझा राग गेलेला नाही."

"म्या राग गोळा करत न्हाई बाबा, धान्य करती. रागानं घाल, पर घाल. दोन लेकरं पुरली तवा म्या शिव्या देत घातली."

मी घातली. रोज घातली, दातओठ खात. कित्येक महिने त्यात काही नव्हते, नुसता हात आणि दाणे. परवा सकाळी मूठ भरली आणि ती उघडेचना. तशीच धरून मी मोठ्याने रडलो आणि देवाला विचारले, जाईच का? उत्तर आले नाही. पण ज्याच्याकडे पाठ फिरवली होती त्याच्याशीच मी बोलत होतो, आणि तो ऐकत होता. हे मला आतून कळले.

मला वाटत होते, जाईला नेले हीच त्याची शिस्त. तसे नाही. जाई का गेली ते मला माहीत नाही. शिस्त ती रोजची मूठ होती. मन नसताना हात पुढे करायला लावून त्या मुठीनेच मला त्याच्यापाशी धरून ठेवले.

दुःख काही कमी झालेले नाही. पाळीवरून आलो की अजून माझ्याच घराची कडी वाजवतो.

आदल्या दिवशी, चोवीसच्या शनिवारी, दुपारच्या एस.टी.ने येतो. बाळाचे नाव जाई ठेवू नये, एवढी विनंती. मला हाक मारता येणार नाही. पाळकांनी विचारल्यावर माझा आवाज फुटायला वेळ लागला तर माझ्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. थांबा.

ती मला ओळखत नाही. माझ्या हातात आली की रडेल, तुमच्याकडे झेपावेल. रडू द्या. परत घेऊ नका.

तिचा बाप,
शमुवेल