सरावाची पेशंट

रविवार, ४ मे

नांदेडहून लातूर, रविवारच्या क्लाससाठी. अहमदपूरपाशी एसटी तासभर उभी. आणि एवढं करून शिकले काय? तर पेशंटशी बोलायचं कसं! सहा वर्षं आयसीयूत काढलीत मी. माणसं माझ्या हातात गेली, माझ्या हातात परतही आली. आणि क्लासचे राजशेखर सर मला शिकवतात — खुर्ची ओढा, नजरेला नजर द्या, मनात तीन आकडे मोजा, मग मऊ आवाजात विचारा, "तुम्हाला काय वाटतंय ते सांगाल का मला?" आमच्याकडे कुणी असं विचारलं तर पेशंटला वाटेल, आता आपलं काही खरं नाही.

पण परदेशातल्या परवान्याच्या परीक्षेत हेच लागतं. नर्सने निर्णय कसा घेतला, पेशंटचं मन कसं सांभाळलं — दोन्हीला गुण. आमच्या बॅचमधून तिकडच्या दवाखान्याला एकच नाव जाणार. अठरा तारखेच्या सराव परीक्षेत जो पहिला येईल त्याचं. ते नाव माझं असणार, समीक्षा. बारा तास राबून वर नातेवाइकांच्या शिव्या खायचे दिवस माझे संपले.

सोमवार, ५ मे

वॉर्डात एका म्हाताऱ्याला विचारून पाहिलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतंय?" म्हणाला, "मला काय वाटायचं? डॉक्टरला इचारा."

रविवार, ११ मे

सरांनी सरावासाठी पेशंट आणली आहे. पारूबाई. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया होती, आता घरी असते. क्लासमधल्या खाटेवर चादर घेऊन पडते आणि छातीत गाठ निघालेल्या बाईचं सोंग करते. तिला चार वाक्यं लिहून दिलीत, तीही धड पाठ नाहीत. रडायचं तिथे हसते. मला म्हणाली, "पोरी, तू कागद वाचल्यावानी बोलतीस." असेल. गुण सर देतात, पारूबाई नाही.

आणि आमच्या बॅचमधला तो उदगीरचा हणमंत! स्वतःचं नाव सांगायला विसरतो. खुर्ची सोडून थेट खाटेवर बसतो. पहिला प्रश्न — "मावशी, जेवलाव का?" सरांनी शून्य दिलं. पारूबाई मात्र त्याच्यापाशी बोलत बसली. साखरेच्या गोळ्या, गुडघे, सुनेचा स्वभाव, सगळं. यांच्या गप्पांपायी आमची अर्धी दुपार गेली.

गुरुवार, १५ मे

आरशासमोर तीनदा सराव केला. चेहरा इतका दयाळू दिसतो की मलाच हसू आलं.

रविवार, १८ मे

दहापैकी दहा! परतीच्या गाडीत लिहिते आहे, अक्षर हलतंय.

पारूबाईने आज कमाल केली. अंगाला दरदरून घाम, हात गार. हे सगळं आणते कुठून? मी खुर्ची ओढली, तिचा हात हातात घेतला. ठरलेली वाक्यं सोडून ती भलतंच म्हणाली, "पाठीत लई भरून आलंय. मळमळून राहिलंय." दुसरी कुणी गडबडली असती. मी तीन आकडे मोजले. "गाठीचं कळल्यापासून असं होतंय का? असं ऐकल्यावर कुणालाही होईल. मी आहे तुमच्याजवळ." तिने डोळे मिटले, मान हलवली. सर सगळ्यांना म्हणाले, "हे बघा. असं बोलायचं असतं."

माझ्यानंतर हणमंत. ना नाव सांगितलं, ना खुर्ची ओढली. हात धरला तो नाडीवर. "मावशी, सोंग हाय का खरं हाय?" उत्तराची वाट न बघता बाईला उचललं, जिना उतरला, ऑटोत घातलं. सर मागून ओरडतायत, "अरे, परीक्षा चालू आहे!" पुन्हा शून्य. उन्हाने पित्त झालं असेल बाईला, आणि याला हिरो व्हायचंय.

माझं नाव उद्या पाठवणार आहेत.

सोमवार, १९ मे

हणमंतचा फोन आला. पारूबाईला हार्ट अटॅक होता. कालच स्टेंट टाकला. "अजून अर्धा तास गेला असता तर हाती लागली नसती, म्हणले डॉक्टर," एवढंच बोलला. मला काहीही टोचून बोलला नाही.

साठी उलटलेली बाई. साखर. घाम, गार हात, पाठ, मळमळ. हीच बाई माझ्या आयसीयूत आली असती तर स्ट्रेचर थांबायच्या आत मी ईसीजीच्या तारा लावल्या असत्या. नव्या पोरींवर मीच खेकसते — आधी नाडी बघा, गप्पा नंतर. आणि काल तो हात माझ्याच हातात होता. मी आकडे मोजत होते, पण नाडीचे नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

बुधवार, २१ मे

सरांना फोन केला. म्हटलं, माझे गुण काढा. म्हणाले, "मॅडम, प्रश्नात हार्ट अटॅक नव्हता. प्रश्नाप्रमाणे तुमचं उत्तर बरोबरच आहे." या माणसाने शेवटचा पेशंट कधी पाहिला असेल? पण मी तरी कोणत्या तोंडाने हसू! हणमंतचं शून्य तसंच आहे. माझं नाव गेलं. तीस तारखेला मुलाखत. मला नको, असं मी अजून म्हटलेलं नाही.

रविवार, २५ मे

लातूरला गेले. क्लासला नाही, दवाखान्यात. माफीची वाक्यं गाडीत जुळवली होती, पारूबाईने बोलूच दिलं नाही. म्हणाली, "तुला बोल लावीत न्हाई मी. दुखणं खरं हाय हे मला कळलं हुतं. सांगणारच हुते. पण तू इतकं गोड बोललीस, मला वाटलं, एवढी शिकलेली सिस्टर म्हणतीय, म्हंजी आपल्याला काय झालं न्हाई. म्हणून गप पडून राहिले."