हिचं पांघरूण मी पूर्ण करतो

६ ऑक्टोबर
हिचं कपाट आवरायला काढलं. एक कप्पा झाला. त्यात कापडी पिशवी सापडली: लोकर, क्रोशाची सुई आणि विणून झालेले चौकोन. मुलीच्या बाळासाठी पांघरूण चाललं होतं हिचं. अर्ध्यावर राहिलं.

बाळ डिसेंबरात. ठरवलं. पांघरूण मी पूर्ण करणार. मुलीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, बाबा, तुम्ही वेळेवर जेवता ना?

काम अवघड दिसत नाही. मधे एक गोल, त्याभोवती खांबांचे, म्हणजे उभ्या टाक्यांचे, गट, चार कोपरे. नोकरीभर रेकॉर्ड रूम सांभाळलेल्या माणसाला चार कोपरे जड नाहीत. आठवडा पुरे. फार तर दहा दिवस, रविवार सोडून.

७ ऑक्टोबर
मोबाइलवर व्हिडिओ लावला. ‘अगदी नवशिक्यांसाठी’. बाई फार बोलतात. आवाज बंद करून पाहिला.

साखळी जमली. खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. कुठे थांबायचं हे बाई बहुधा बोलून सांगत असाव्यात.

१० ऑक्टोबर
पहिला चौकोन पूर्ण. गोल आला. शिवाय मधे खोलगट. कोपऱ्यात खांब दुप्पट घालायचे असतात, ते राहिले असं व्हिडिओवरून दिसतं. मला तसं वाटत नाही. लोकर जुनी आहे, आकसली असावी.

साखरेच्या डब्यावर झाकण म्हणून बसतो. वाया काही गेलेलं नाही.

११ ऑक्टोबर
पद्धत बदलली. घड्याळ समजून घ्यायचं तर उघडून बघावं लागतं. हिचा एक चौकोन घेतला आणि टोक ओढलं. विचार असा होता, एकेक फेरी सावकाश सोडवायची आणि शिकायचं. पण हिचं काम फार सैल. सुर्रकन सगळा हातात आला. काही दिसलंच नाही.

म्हणून दुसरा घेतला. या वेळी चष्मा लावला होता.

१२ ऑक्टोबर
तिसरा. पडताळणीसाठी.

१९ ऑक्टोबर
मेहुणी आली. मागच्या गल्लीत राहते, त्यामुळे येते. टेबलावरचा गुंता बघून म्हणाली, अहो भाऊजी, मांजर पाळलंत की काय? मी अभ्यास समजावून सांगितला. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, ताईने डोळे फोडून विणलं आणि तुम्ही उसवत बसलाय? द्या इकडे, दोन दुपारींत करून टाकते.

मी नको म्हटलं. सौम्यपणे. ती म्हणाली, पीळ जायचा नाही तुमचा. मग जाता जाता दारात म्हणाली, ताई विणायला का लागली ठाऊक आहे? तुम्ही पेपरात तोंड घालून बसायचात. तिला समोर काहीतरी हालचाल हवी होती.

यावर मी काही बोललो नाही.

मागाहून वाटलं, तिचं म्हणणं तेच होतं.

२५ ऑक्टोबर
लोकर आणायला गेलो. दुकानातल्या बाईंनी गुलाबी, पिवळे, पोपटी गुंडे पुढे मांडले. मी राखाडी घेतली. जाड, मळखाऊ. लहान मूल म्हणजे मळणार. इतका पुढचा विचार कोणी करत नाही.

बाईंनी विचारलं, घरी कोण विणतं? म्हटलं, मिसेस. सवयीने तोंडातून गेलं. बाई म्हणाल्या, मग एकदा त्यांनाच घेऊन या, रंग त्यांना निवडू दे. बरं म्हणालो. आता त्या दुकानात जाता येणार नाही. दुसरं शोधायला हवं.

२ नोव्हेंबर
यश. चार कोपऱ्यांचा चौकोन. गुण्या लावून तपासला. एक कोपरा थोडा स्वतंत्र वृत्तीचा आहे, पण चार आहेत. टेबलावर उभा ठेवला तर उभा राहतो. हिचा एकही उभा राहत नसे.

उसवून पाहायचा प्रयत्न केला. उसवत नाही. हिचे एका झटक्यात सुटतात, माझा कापल्याशिवाय सुटणार नाही. दर्जा म्हणतात तो हा.

मुलीचा फोन. पांघरूण कुठवर आलं? म्हटलं, निम्मं झालं. कशाच्या निम्मं हे तिने विचारलं नाही.

३ नोव्हेंबर
संकल्प: हिचा एकही चौकोन यापुढे उसवायचा नाही. काय वाटेल ते होवो.

५ नोव्हेंबर
एक उसवला. चौथ्या फेरीत अडलो होतो, इलाज नव्हता.

१४ नोव्हेंबर
आणखी दोन. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. हे संकल्पाच्या आधीच मनात होतं.

पिशवी पालथी केली. हिच्या हातचा आता एकच उरला. पिवळा, पांढऱ्या काठाचा. मला वाटत होतं अजून आहेत.

कपाटात सगळ्यात वर ठेवला. कुलूप लावलं. किल्ली अशा जागी ठेवली की मलाही सापडू नये.

१५ नोव्हेंबर
किल्ली शोधण्यात सकाळ गेली.

चौकोन नुसता बघायला काढला. शेवटच्या फेरीत एका ठिकाणी तीनऐवजी चार खांब आहेत. दोनदा मोजले. हिची चूक! माझ्या प्रत्येक गोष्टीत चूक काढणारीची चूक. इतका आनंद झाला की सांगायला म्हणून उठलो.

आज आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

११ डिसेंबर
नात झाली. दोघी सुखरूप. जावयाने फोटो पाठवला. कोणासारखी दिसते हे अजून तिचं तिलाही ठरवता आलेलं नसावं.

मुलगी जानेवारीत चार दिवस येणार. म्हणजे मुदत वाढली. पांघरूण वेळेत होणार हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

६ जानेवारी
जोडणी. मधे हिचा पिवळा, भोवती माझे आठ. शिवत बसलो नाही. रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यांना मारायचो ती गाठ मारली, पाण्यात पडली तरी न सुटणारी. एकेका कडेला सहा गाठी.

आकार पांघरुणापेक्षा किंचित लहान, उशीच्या अभ्र्याएवढा. पण बाळही लहानच आहे. हिचा कोणता आणि माझे कोणते, हे रंग सोडला तर कोणाला कळायचं नाही.

१४ जानेवारी
मुलगी आली. नात वजनाने बेताची, आवाजाने भरपूर. मेहुणीही हजर.

पांघरूण दिलं. मुलीने ते हातात धरलं. दुमडायला गेली, दुमडेना. जावई म्हणाला, बाबा, भक्कम आहे. चांगला माणूस.

मुलीने डोळे मिटून हात फिरवला आणि मधोमध थांबली. म्हणाली, हा आईचा. म्हटलं, रंगावरून ओळखलास. तर म्हणाली, बाबा, डोळे मिटलेत मी. हा मऊ आहे. बाकीचे... आणि हसायला लागली. मेहुणीने वाक्य पूर्ण केलं: बाकीचे दाराशी टाका, पाय पुसायला. दोघी इतक्या हसल्या की नात दचकून गप्प झाली. मग मुलगी हसता हसता रडायला लागली. तिने विचारलं, आईचे बाकीचे कुठे आहेत?

सांगितलं.

तिने पिवळ्यावर बोट ठेवलं, म्हणाली, मग हा मला द्या. एवढा एकच.

गाठी सुटेनात. नखं, सुई, दात, सगळं झालं. मेहुणी कात्री घेऊन आली, पिवळ्याच्या कडेला लावली, आणि मी ओरडलो. म्हणजे मोठ्याने. या घरात माझा एवढा आवाज कोणी ऐकला नसेल. मेहुणी कात्री ठेवून म्हणाली, बाई गं, बोलता येतं की यांना.

कात्री मी घेतली. खिडकीशी बसलो. पिवळ्याला धक्का न लावता माझे आठही कापून काढले. एकेक टाका. संध्याकाळ झाली. मुलगी शेजारी बसून होती. नातीला पाजता पाजता म्हणाली, सावकाश, बाबा. मी तिला चार खांबांची जागा दाखवली. ती म्हणाली, आईला सांगितलंत? म्हटलं, निघालो होतो.

१८ जानेवारी
मुलगी गेली. चौकोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली, मग चेन उघडून पुन्हा एकदा पाहिला. बाळाला दुकानातलं पांघरूण आहे. हात लावून बघितलं. मऊ आहे. मान्य करायला हरकत नाही.

माझ्याकडे राखाडी तुकडे, पिशवीभर. मेहुणी म्हणाली, उशीत भरा. भरले. अभ्रा तिनेच शिवला, कारण सुई माझ्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

१९ जानेवारी
उशीवर डोकं ठेवून पाहिलं. टोचते. गाठी सगळ्या आत तशाच आहेत. कूस बदलली, तरी टोचते. उलटी केली, तर तिकडूनही.

मेहुणीला सांगितलं, फार सुरेख झाली आहे.