काटा मध्ये

रविवार, २ एप्रिल २०००
आज पुन्हा तेच. नऊला कुलकर्णी काका आणि बोरस्ते काका आले, आणि दीड वाजेपर्यंत अंगणात एकोणसत्तरचं बॉनेट उघडं. (एकोणसत्तर म्हणजे आमची गाडी. नंबरातले शेवटचे दोन आकडे. वय सव्वीस, माझ्याहून चार वर्षांनी मोठी.) तिघांनी तीनदा चहा घेतला, बोल्ट एकही फिरवला नाही.

विषय नव्या गाड्यांचा. कु. काका बँकेतून रिटायर झाले आणि त्यांनी स्वतःची याच मॉडेलची गाडी विकली. तेव्हापासून अण्णा त्यांना फितूर म्हणतात. आता त्यांनी इंजेक्शनवाली बुक केली आहे. कार्ब्युरेटर नाही, चोक नाही.

“आणि बंद पडली की?” अण्णा.
“पडत नाही.”
“म्हणजे पडल्यावर काय करायचं ते माहीत नाही.”

बोरस्ते काका ओझरहून स्वतःच्या जीपने येतात, द्राक्षबागेतून वेळ काढून. ते म्हणाले, “त्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की आत आनखी एक झाकण. इंजिन मालकालाच दावत नाय.”

आई खिडकीतून: “मला पावसात पायावर पाणी न उडणारी गाडी हवी. बाकी तुमचं चालू द्या.”

खाली पत्रा लावतो, असं अण्णा गेल्या पावसाळ्यात म्हणाले होते. त्याच्या आदल्याही.

बुधवार, ५ एप्रिल. पाडवा
कु. काकांची गाडी आली. चंदेरी. हार, पेढे, सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही अशी ताकीद. अण्णांनी बसून एक फेरी मारली. उतरून म्हणाले, “आवाजच नाही. हिला बरं नसलं तर कळणार कसं?”

मग कु. काकांना चेव आला. म्हणाले, पुरे झालं, पैज लावू, कसारा घाटाची. दुपारी बारा, कसाऱ्यातून वर इगतपुरीपर्यंत, दोन्ही गाड्या. एकोणसत्तर पाण्यासाठी थांबली तर विकायची आणि नवी घ्यायची.
“मान्य,” आई म्हणाली. प्रश्न अण्णांना होता.

अण्णा हसले. मला म्हणाले, “मंजे, वही आण.”

वही म्हणजे एकोणसत्तरची वही. प्रत्येक फेरीनंतर लिहायची: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, तेल, पाणी, काटा. काटा म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा. आठवीपासून वही माझ्याकडे. मी शाळेत जायच्या आधी अंक शिकले ते याच गाडीच्या मीटरवर, अण्णांच्या मांडीवर बसून. कारखान्यात त्यांच्या हाताखाली वीस फिटर होते, पण घरी शिकायला मी एकटीच.

अण्णांनी पानं उलटून दाखवली. काटा: मध्ये. काटा: मध्ये. काटा: मध्ये. “आठ वर्षांत एकदा मध्याच्या वर गेला असेल तर दाखव, फितुरा.”

बोरस्ते काका: “हरली तर गाडी म्या घेनार. पन वहीसकट.”

रविवार १६ ठरलं. अण्णांचं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मीच चालवते. मला कुणी विचारलंही नाही.

रविवार, ९ एप्रिल
लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

डॅशबोर्डचा दिवा गेला होता. घाटात बोगदा नाही, दिवसाउजेडी जायचं, तरी अण्णा म्हणाले बदल. मी काट्याची डबी बाहेर काढली. गाडी सकाळपासून बंद, इंजिन थंडगार. काटा मध्ये.

बंद गाडीत काटा मध्ये असतो हे मी आठ वर्षं बघतेय. अण्णा म्हणायचे, हा काटा जिथं सोडला तिथं राहतो. मी म्हणायचे, हो.

काच सैल केली. काटा टपकन खाली पडला. काचेला घासून अडकला होता.

ती काच मी बसवली होती. आठवीची मे महिन्याची सुट्टी. अण्णांनी मला पहिल्यांदा डबी उघडू दिली होती, काच पुसायला. त्याआधी घाटात काटा वर जायचा म्हणून अण्णांनी त्याच आठवड्यात रेडिएटर साफ करून आणला होता. पुढच्या घाटात काटा हललाच नाही. अण्णा आईला म्हणाले होते, “पोरीच्या हाताला गुण आहे.”

आठ वर्षांचं ‘मध्ये’. सगळं माझ्या अक्षरात.

मंगळवार, ११ एप्रिल
कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वह्या तपासल्या. (मी लॅब असिस्टंट आहे. मार्क सर देतात, रीडिंग मी तपासते.) एका मुलीने पाण्याचं तापमान न मोजताच लिहिलं होतं. दर दोन मिनिटांनी बरोबर एकसारखं वाढलेलं. मी तिला विचारलं, थर्मामीटर कुठे होता तुझा? ती रडली. मीही बाथरूममध्ये जाऊन आले.

थर्मामीटर घरी आणला. रजिस्टरमध्ये सही करून.

बुधवार, १२ एप्रिल
अण्णा भिशीला गेलेले. काच नीट बसवली, मध्ये कागदाची बारीक चकती. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडात थर्मामीटर धरला. काटा आणि पारा बरोबर चालतात. म्हणजे काटा आता खरं बोलतो.

आई ओट्यावरून बघत होती. “काय गं, ताप बघतेस का तिचा?”
“हो.”
“किती आहे?”
उभ्या गाडीला जरा जास्तच आहे. सांगितलं नाही.

शुक्रवार, १४ एप्रिल. सुट्टी
सांगितलं. सगळं. काच, आठवी, वही. अण्णा पेपर वाचत होते, पेपर खाली ठेवला नाही.
“चल,” एवढंच.

त्र्यंबक रोडने तळेगावपर्यंत गेलो. सरळ रस्ता, तरी काटा मध्याच्या वर. आठ वर्षांत पहिल्यांदा वर गेलेला बघितला. अण्णा बाजूच्या सीटवरून वाकून वाकून बघत होते. दर मैलाला.

“तू काटा बिघडवलास.”
“अण्णा, दुरुस्त केला.”
“आठ वर्षं व्यवस्थित होता.”
“आठ वर्षं अडकलेला होता.”
“गाडी कुठे थांबली का आठ वर्षांत? कसाऱ्याला किती वेळा गेलो? शिर्डीला? एकदा तरी वाफ आली?”

नाही आली. हे खरं आहे. 

घरी येऊन म्हणाले, कुलकर्ण्याला सांगायचं नाही. मी म्हटलं, बोरस्ते काकांना तरी सांगायला हवं, ते वहीवर विश्वास ठेवून गाडी घेणार. तर म्हणाले, घेणार म्हणजे? हरणार आहे का आपली गाडी?

वैताग आलाय. सगळ्यांचा. माझासुद्धा.

रविवार, १६ एप्रिल
घाट.

कसाऱ्यात वडापाव, मग बरोबर बारा. पुढे कु. काका, एसी लावून, काचा बंद. मागे आम्ही, मी आणि अण्णा, काचा उघड्या, गरम वारा तोंडावर. बोरस्ते काका जीपने वर जाऊन इगतपुरीत पंच म्हणून उभे.

तिसऱ्या वळणावर कु. काका कडेला उभे. मी हळू केली. त्यांच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. हातात गाडीचं पुस्तक. “यात लिहिलंय, अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.”
अण्णा म्हणाले, “साध की. हे बघ माकड बसलंय कठड्यावर, त्याला विचार.”

इतकं खूश अण्णांना ऑपरेशनच्या आधीपासून बघितलं नव्हतं. पुढे निघालो. दुसरा गिअर. समोर कांद्याचा ट्रक, त्याला ओलांडता येईना. काटा चढायला लागला. मध्य. मध्याच्या वर. धोक्याच्या लाल खुणेच्या चार रेघा खाली. तीन.

“अण्णा.”
“बघू नकोस तिकडे. इंजिन ऐक. आवाज बदलला का?”
नव्हता बदलला. मी नीट ऐकलं. टॅपेटची टकटक तशीच, एकसारखी.
“अण्णा, दोन रेघा.”
“दोनच वळणं राहिलीत. चल.”

मी थांबवली.

अण्णा उतरले. वीस मिनिटं कठड्यावर बसून राहिले, पाठ गाडीकडे. मग मी फडकं धरून झाकण उघडलं. पाणी जवळजवळ काठोकाठ. अर्धा तांब्या बसलं फक्त. तेही ओतायला नको होतं बहुतेक.

तेवढ्यात चंदेरी गाडी शेजारून गेली. पिवळा दिवा आपोआप विझला होता म्हणे. का लागला, का विझला, त्यांना अजून माहीत नाही. पण पोचले.

सोमवार, १७ एप्रिल
अण्णा अर्ध्या पोळीवर उठले. आई जिंकली आहे, पण तिने गोड काही केलं नाही.

वहीत लिहिलं: ‘काटा लालच्या दोन रेघा खाली. गाडी थांबली. पाणी अर्धा तांब्या.’

अण्णांनी चष्मा लावून वाचलं. “गाडी थांबली नाही. तू थांबवलीस. तसं लिही.”
खोडून तसं लिहिलं. बरोबरच आहे ते.

मंगळवार, १८ एप्रिल
कु. काकांची गाडी सर्व्हिस सेंटरला. तिथल्या माणसाने कॉम्प्युटर लावला, कॉम्प्युटर म्हणाला काही नाही. कु. काका आनंदात. मला कळत नाही यात आनंद कसला. त्यांना काटा मध्ये असल्याचा आनंद.

गुरुवार, २० एप्रिल
बोरस्ते काका आले होते, रविवारी गाडी न्यायची ते ठरवायला. अण्णा आत जाऊन पडून राहिले. मी अंगणातच सांगून टाकलं. वही उघडून, पानं दाखवून. आठवीतल्या सुट्टीपासूनचा प्रत्येक ‘मध्ये’ पेन्सिलीने कंसात टाकला आहे, तेही दाखवलं.

त्यांनी चार पानं उलटली. मग हसले.
“ताई, माझ्या जीपला एकच मीटर चालतं. माझं नाक.”
“काका, पण हे सगळं खोटं आहे.”
“तू मध्ये लिवलं, गाडी चालली. आठ वर्सं. मग खोटं काय? काटा खोटा, गाडी खरी.” मग म्हणाले, “पन एक सांग. त्या दिवशी थांबली नसतीस तर वर पोचली असती का?”

“माहीत नाही.”
“मंग मला नाय, तुझ्या बापाला सांग हे. त्यो समजतोय तुला माहीत हाय.”

शुक्रवार, २१ एप्रिल. सुट्टी
सांगितलं. पाणी होतं, आवाज ठीक होता, मला माहीत नाही, मी घाबरले. चारही गोष्टी, याच क्रमाने.

अण्णा गाडीखाली होते. कधी नव्हे ते पत्रा लावत होते, आईच्या पायाखालचा. विकायच्या दोन दिवस आधी! नुसते पाय बाहेर. पाय हलायचे थांबले.

“उद्या पुन्हा जाऊ. आपण दोघंच. बारा वाजता.”
“गाडी दिली आहे अण्णा. परवा काका न्यायला येतात.”
“परवा येतात ना? उद्या आपली आहे. पैज नाही. मला कळायला हवं.”
“आणि काटा परत लालला गेला तर?”
“काट्यावर फडकं टाकतो. तू ऐकून चालव. शिकवलंय ना?”

शिकवलंय. पण फडक्याखाली तो असणारच आहे, आणि आता खरा आहे. इंजिन तापून बसलं तर बोरस्ते काकांना काय देणार? वर पोचली तर अण्णा परवा तिला जाऊ देतील? आईला अजून काहीच माहीत नाही.

हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. पाण्याचे दोन कॅन भरून डिकीत ठेवले. थर्मामीटर पर्समध्ये आहे, सोमवारी परत करायचाय.

अण्णांनी फडकं स्वतः धुतलं. गाडीच्या आरशावर वाळत घातलंय. आई दोनदा विचारून गेली, हे इथे कशाला.