दोन पेट्यांवरचे जपानी संगीत

मास्तर, या लिखाणात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. चित्रासाठी रचलेले संगीत चित्र काढून घेतल्यावरही उभे राहत असेल, तर तुमच्या पुण्यतिथीच्या बैठकीत त्याला जागा नाकारण्याचे कारण उरत नाही. प्रतिज्ञा आधी आणि पुरावा नंतर, ही सवय मला कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताना लागली आणि निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. प्रश्न यंदाच्या बैठकीचा होता आणि निर्णय माझ्याकडे होता. माझी नात यापुढे तुमच्या खोलीत पेटी वाजवणार की नाही, हे त्या निर्णयावर अवलंबून होते. निर्णय देऊन झाला, बैठकही पार पडली. तरीही ज्यांच्या नियमाविरुद्ध मी निकाल दिला त्यांच्यासमोर बाजू मांडली नाही, तर काम अर्धवट राहिले असे मला वाटत राहील.

तुम्हाला जाऊन छत्तीस वर्षे झाली, पण बैठक तशीच भरते. अकोल्यात तुमच्या फुलांच्या दुकानामागच्या त्याच खोलीत जुने विद्यार्थी जमतात, कोणी मुलांना आणतात, कोणी नातवंडांना, आणि प्रत्येक जण एकच रचना वाजवतो. काय वाजवायचे ते सर्वांत जुना विद्यार्थी ठरवतो. गेली अकरा वर्षे ते काम माझ्याकडे आहे. भिंतीवर तुमच्या हातची निळ्या रंगातली ओळ आहे, इथे सिनेमाचे वाजवू नये. चुना मारला की तुमची मुलगी, आमच्या ताई, ती जुन्या अक्षरांवरून पुन्हा गिरवून घेतात. या ओळीचा अर्थ मी नव्या मुलांना दर वर्षी समजावून सांगत आले: मास्तरांच्या मते ज्या संगीताला शब्दांचा किंवा चित्राचा आधार लागतो, ते स्वतःच्या पायांवर उभे नसते. हा अर्थ मी तुमच्या ऐकण्याच्या रीतीवरून काढला होता. तुम्ही दुकानाच्या फळीवर रस्त्याकडे तोंड करून बसायचात, मांडीवर शेवंतीचा ढीग, हातात हार ओवायची लांब सुई. आम्ही मागे, तुमच्या पाठीशी. आमची बोटे तुम्ही कधी पाहिली नाहीत. सूर चुकला की सुई थांबे, आणि त्या थांबण्याची आम्हाला जी धास्ती होती ती छडीचीही नव्हती. "मी थांबलो म्हून तू काहून थांबली? पुन्हा घे," असे तुम्ही मान न वळवता म्हणता, आणि मी पुन्हा घेते.

आता नातीविषयी. ती वीस वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून मीच तिला पेटी शिकवली, राजापेठेतल्या आमच्या घरात, जिथे एका गल्लीत तीन ट्यूशन क्लास आहेत आणि दुपारी चारनंतर स्कूटींच्या हॉर्नमधून षड्ज शोधून काढावा लागतो. दिवाळीनंतर एका दुपारी ती म्हणाली, "आजी, यंदा बैठकीत मी ॲनिमेचं वाजवते."

"ते जपानी कार्टूनचं?"

"कार्टून नाही. ॲनिमे."

"फरक सांग."

"कार्टून संपलं की आपण चॅनल बदलतो. हे संपलं की बसून राहतो."

व्याख्या म्हणून हे टिकत नाही, पण मी ते लक्षात ठेवले. मग मी भिंतीवरच्या ओळीची आठवण करून दिली. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "मग मी येत नाही. दर वर्षी तू निवडतेस तेच मी वाजवते. ते चांगलंच असतं आजी, पण ते तुझं असतं." आवाज चढला असता तर मी उत्तर दिले असते. तो चढला नव्हता. तेरा वर्षे शिकवलेली मुलगी पेटी बंद करून ठेवील आणि ती मीच ठेवायला लावलेली असेल, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसले.

म्हणून मी खटला चालवायचे ठरवले. अटी माझ्या. मोबाइल पालथा ठेवायचा, गोष्ट सांगायची नाही, चित्र दाखवायचे नाही, संगीतकाराचे नाव घ्यायचे नाही. मी तिच्याकडे पाठ करून बसणार. नाव का नको, असे तिने विचारले. तुम्ही नाव ऐकले की आधी घराणे विचारायचात आणि मग निम्मे ऐकणे त्या घराण्याचेच व्हायचे, हे मी सांगितले. याच कारणाने या पत्रातही नावे नाहीत. तिचे म्हणणे, "नाव न सांगता शिफारस करणं म्हणजे पत्ता न देता जेवायला बोलावणं." आक्षेप योग्य आहे. पण तुमच्यापुरती मी माझी पद्धत बदलणार नाही.

तुम्ही सर्वांत आधी ऐकावे असे मला वाटते ते एका संगीतकार बाईंचे काम. कुठल्याशा नदीकाठच्या लहान रेल्वे स्टेशनची मालिका आहे, हे मला नंतर कळले. नुसता पियानो, वर एका बोटाने वाजवल्यासारखी पाच सुरांची चाल. मी पाठमोरीच म्हणाले, भूप. दोन मिनिटांनी शब्द मागे घेतला. स्वर भुपाचे आहेत, चलन भुपाचे नाही. गंधारावर विसावा हवा तिथे या बाई रिषभावर थांबतात आणि वाक्य अर्धे सोडतात. तीच चाल आठ वेळा येते, दर वेळी खालचे सूर तेवढे बदलतात, आणि वरची चाल न बदलताही आधी पोरकट, मग शहाणी, मग थकलेली वाटते. मी काहीही पाहत नव्हते. मला जे दिसले ते संगीताने दाखवले होते, पडद्याने नाही, आणि पुराव्यात हेच कलम सर्वांत वजनदार आहे. याउलट दुसरे गृहस्थ गडगडाटी. त्यांची मालिका यंत्रांच्या लढायांची, वाद्ये सगळी पितळी, आणि ताल सात मात्रांचा. त्याला रूपक ताल म्हणू नका, रूपकात सम रिकामी, टाळीविना असते, इथे ती अंगावर येते.

"आजी, पाय," नात मागून म्हणाली.

"पायाला मत नसतं," मी म्हणाले, पण पाय थांबवला नाही.

भुताखेतांच्या एका मालिकेला संगीत देणारे वयस्कर संगीतकार आहेत, त्यांच्याकडे बांबूची जाड बासरी आणि एक तंतुवाद्य एवढाच संसार. त्यात नेमके गुणकली रागाचे पाच स्वर लागतात. कोमल रिषभ ते फुंकरीने आणखी थोडा खाली ओढतात. पेटीवर तो मिळणार नाही, म्हणून मला पेटीचा जरा राग आला. आणि शेवटी ते, ज्यांची रचना नातीने बैठकीसाठी निवडली होती. हे संगीतकार तिशीतले, चित्रपट एका बेटावरची शाळा सोडून निघालेल्या मुलीचा. चार मिनिटांची रचना. पूर्ण चाल फक्त शेवटी, एकदाच येते. तोवर तिचे तुकडे येत राहतात, वेगवेगळ्या वाद्यांवर, कधी उलटे, आणि ऐकणाऱ्याला ते तुकडे आहेत हेही कळत नाही. चाल आली की मात्र वाटते, हे आपल्याला मघापासून ठाऊक होते. मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगितले की युक्तिवाद असा रचावा, निष्कर्ष उच्चारण्यापूर्वीच तो ऐकणाऱ्याच्या मनात तयार व्हावा. तसा एकही मला रचता आला नव्हता. मी ते तीनदा ऐकले आणि वळून म्हणाले, "वाजव."

"असं नुसतं वाजव म्हणून होत नाही," ती म्हणाली. "खालचे सूर कोण वाजवणार? डावा हात तर भात्यावर असतो."

हे खरे होते. आपल्या पेटीला एकच हात मोकळा, आणि त्या संगीताचा अर्धा अर्थ खालच्या सुरांत. दुसरी पेटी हवी होती. ती मी वाजवायची असे तिने परस्पर ठरवले होते. पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले आठवडे होते. दुपारी जेवणानंतर आम्ही समोरासमोर बसायचो. ती मला शिकवत होती आणि तिला दयामाया नव्हती. "तू घाई करून राहिली, आजी. ते सूर वाट पाहतात." मी म्हणायचे, सूर वाट पाहत नाहीत, वादक पाहतो. ती म्हणायची, "मग वादकानं पाह्यावी." कॉलेजात आणि घरात कित्येक वर्षांत माझी चूक कोणी तोंडावर काढलेली नव्हती. ती काढली जाण्यात इतका आनंद असतो हे मी विसरले होते. तुमच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हाच बहुधा विसरले.

बैठकीला आम्ही सकाळच्या बसने अकोल्याला आलो, मोर्शीच्या आमच्या बागेतली संत्री पिशवीत घेऊन. माणसे तीसेक होती. भाजीवाले, फुलवाले, दोघे-तिघे शेतावरून थेट आलेले. आमची पाळी आली. दोन पेट्या समोरासमोर मांडलेल्या पाहून पुढे बसलेल्या जुन्या विद्यार्थ्याने, ते आता वांग्याची शेती करतात, विचारले, "पोरी, हे कोन्या रागातलं हाय?"

"काका, जपानातलं हाये."

"मंग आपल्याकडं कवा आलं?"

"आत्ता येऊन राहिलंय. थांबा जरा."

लोक हसले आणि ती सुरू झाली. तिसऱ्या तुकड्यावर मी एक आवर्तन उशिरा आले. तिने मान वर केली नाही, तोच तुकडा पुन्हा घेतला, मला आत घेतले आणि पुढे गेली. कोणाच्या लक्षात आले नाही. शेवटची चाल आली आणि संपली. मग वांगीवाले काका म्हणाले, "पुन्हा एकदा घ्या ना." तुमच्या बैठकीत तीच रचना पुन्हा वाजवायला कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. आम्ही वाजवली. या खेपेस मी वेळेवर आले.

नंतर मी ताईंकडे गेले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण तुमच्या फोटोचा हार अजून स्वतःच ओवतात. नियम मोडला त्याची क्षमा मागावी आणि कारणेही द्यावीत, म्हणून वर लिहिले ते सगळे मी त्यांना क्रमाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "एवढं कायले सांगून राहिली तू? बाबाले सिनेमा लई आवडे."

मी म्हणाले, "मग ती ओळ?"

"ते तं माह्या मायनं लिहाले लावलं. तुह्यासंगं ती मार्केटामागची पोरगी ये, आठवते का? ती सिनेमाचं वाजवे, का बाबाची सुई थांबे. ऐकतच बसे. गिऱ्हाईक उभं, लगनाचे हार अर्धे, अन् हा मानूस डोये मिटून बसला. मायनं सांगितलं, एकतं हार करा, नाहीतं पोरीचं ऐका. मंग लिहिलं बाबानं भिंतीवर, तोंड वाकडं करून."

मास्तर, मी खूप हसले. ताई हसल्या, नात लांबून पाहत होती तीही काही न कळता हसली. बसमध्ये बसल्यावर मी विचार केला. सूर चुकला की सुई थांबते. सुई थांबली. म्हणून सूर चुकला. हे अनुमान सदोष आहे, कारण सुई थांबण्याला दुसरे कारण असू शकते. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी ही चूक लाल शाईने किती वेळा खुणावली याची गणती नाही. माझी प्रतिज्ञा सिद्ध झाली आहे आणि ती मी मागे घेत नाही. पण ज्या मताविरुद्ध ती सिद्ध केली ते मत तुमचे कधीच नव्हते. ते मी रचले, तुमच्या नावावर लावले आणि अकरा वर्षे शिकवले.

एवढ्यावर थांबता आले असते. पण मार्केटामागची ती मुलगी मला चांगली आठवते. भिंतीवर ओळ आली त्याच आठवड्यात ती पुन्हा सिनेमाचे वाजवू लागली, सुई थांबली, आणि तुम्ही फुले आणायला उठलात तेव्हा मी तिला बाहेर गाठून सांगितले की मास्तरांनी तुला उद्यापासून येऊ नको म्हटले आहे. तुम्ही तसे म्हटले नव्हते. तुम्ही दोनदा विचारलेत, ती काहून येत नाही, आणि दोन्ही वेळा मी सांगितले की घरच्यांनी बंद केले. "बरं वाजवत होती," तुम्ही म्हणालात. तो सौजन्याचा शब्द आहे असे मी तेव्हा ठरवले. ताईंना तिचे सासर ठाऊक आहे. मी अजून विचारलेले नाही.

चूक मला मान्य आहे.

तुमची विद्यार्थिनी