निळ्या डब्यातली मॅकरोनी

प्रिय सिग्ने,

तू उत्तर देणार नाहीस, हे धरूनच लिहितोय. मी कॉलेज सोडलं. सरांशी भांडलो आणि परत गेलोच नाही. आता लोकांच्या दारातला बर्फ उपसतो. डुलुथमध्ये त्या कामाला तोटा नाही, बोलायला मात्र कुणी नाही. तुमच्या गल्लीत कामाची गाडी घेऊन आलो की खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवतो, आणि बघतोच.

तुमचं जेवणाचं टेबल फार आठवतं. तुझी निळ्या डब्यातली मॅकरोनी, मोजून सात मिनिटं उकळलेली, वर फक्त मीठ. आमच्याकडे याला सरळ नखरे म्हटलं असतं. तुझी आई मात्र दर मंगळवारी चर्चच्या तळघरात तुझ्यासारख्या मुलांच्या आयांमध्ये बसून शिकली होती, की ऑटिझममुळे तुला चव, वास, घासाचा मऊकडकपणा आमच्या दसपट जाणवतो. मला म्हणाली, "जे पोटात जातंय ते जाऊ दे, पोरा. तिच्या ताटात बघू नकोस, हवेपाण्याचं बोल." मग आम्ही बर्फाबद्दल बोलायचो. तुझे बाबा तर एकच वादळ तीनतीनदा आणायचे.

मला कुठला धीर! तुझी काडीसारखी मनगटं बघून डोकं फिरायचं. थँक्सगिव्हिंगला टेबलाभोवती एकेकानं आभार मानले. तू म्हणालीस, "माझ्या ताटात कुणी बघत नाही, त्याबद्दल." मग पहिला घास घेतलास आणि काटा खाली ठेवलास. वेगळं लागतंय म्हणालीस. आईनं डबा दाखवला, तोच होता. बाबांनी चाखून पाहिलं, मॅकरोनीसारखी मॅकरोनी. मीही चाखली आणि म्हणालो, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." त्या दिवसापासून मॅकरोनी सुटली, मग टोस्ट, मग मीही.

काल तुझी आई दुकानात भेटली. पार खंगलीय. सोमवारी तुला इस्पितळात दाखल करणार, म्हणाली. "मीच कुठेतरी चुकले. पोरीचा स्वतःच्या जिभेवरसुद्धा भरवसा उरला नाही."

म्हणून हे पत्र. सिग्ने, त्या दिवशी स्वयंपाकघरात कुणी नसताना मी त्या पातेल्यात दोन चमचे क्रीम कालवलं होतं. तुझ्या अंगी लागावं म्हणून. तुझी जीभ खरं बोलत होती, खोटा मी होतो. हे टपालात टाकत नाही. तुझ्या आईच्या हातात देतोय, उघडंच, म्हणजे सोमवारच्या आत तीही वाचेल.

तुझाच, अजून म्हणता येत असेल तर,
आयव्हर