ताईनं सुरू केलेला सर्व्हर

४ मे, सोमवार
ताईला जाऊन तेवीस दिवस. ऑफिसातली तिची खुर्ची अजून कोणी हलवलेली नाही.
सकाळी रक्तपेढीतले निम्मे संगणक अडकले. डेटाबेस एका वेळी शंभरच जोडण्या घेतो, आता त्या पुरत नाहीत. पेढीच्या डॉक्टरांनी आत बोलावलं. "दीडशे कर. प्रज्ञानं तुला दाखवलं असेल की." हो म्हणालो. ताईनं दाखवलं होतं. मी शेजारी चहा पीत बसायचो, एवढंच.
आकडा बदलून सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. फाईलमध्ये एक अक्षर चुकलं तर तो उठतच नाही. मग कुठली पिशवी तपासलेली, कुठली नाही, हे कोण सांगणार? मी स्टोअरचा क्लार्क.

५ मे
आकड्याची फाईलच सापडेना. डेटा असतो त्या फोल्डरात असेल असं धरून तासभर चाळलं. मग आठवलं, ती म्हणायची, "शोधत काय बसतोस? त्यालाच विचार."
सर्व्हरला SHOW config_file, म्हणजे तुझी सेटिंगची फाईल दाखव, एवढंच लिहिलं. पूर्ण पत्ता आला. फाईल भलतीकडेच होती. तिच्या शेवटी एक ओळ, conf.d या फोल्डरातल्या फायलीही वाच. तिथे ताईची फाईल, raktapedhi.conf. शंभरचा आकडा त्यात.
सर्व्हर कधीपासून चालू आहे तेही विचारलं. विचारायला नको होतं. २ एप्रिल, दुपारी दोन वाजून सहा मिनिटं. त्या दिवशी तीच होती तिथे. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल.
फाईलला हात लावला नाही.

६ मे
आईला सांगितलं नव्हतं. तिनंच विचारलं, "ताईचं मशिन चालू हाय न्हवं?"
"आहे."
"बंद पाडू नगंस बाळ्या. तिनं लावल्यालं हाय ते."
दोन मिनिटांसाठी बंद करावंच लागतं, असं म्हणणार होतो.  

७ मे
फाईलमध्ये बदल केला. आधी फाईलची प्रत काढली, raktapedhi_juni.conf, तिच्या शेजारीच ठेवली. ताईचा नियम, प्रत काढल्याशिवाय हात लावायचा नाही. जुनी ओळ पुसायची नाही, सर्व्हरनं ती वाचू नये म्हणून पुढे # लावून तशीच ठेवायची, खाली नवी लिहायची, तारीख आणि नाव. घाईत १५०० लिहिलं गेलं. तीनदा वाचलं तेव्हा दिसलं.
त्या # च्या ओळींत एक अशी, 'मी नसताना बदलायचं झाल्यास बाळूकडून वाचून घेणे. घाबरतो, पण नीट वाचतो.' तारीख दोन वर्षांपूर्वीची. मला कधी बोलली नाही.
काउंटरवरच्या नसीमनं चेहरा बघितला. "कायकू डरते भाई? बंद पड्या तो कागज पे लिखेंगे. तुमारा अक्षर कोई पढ सक्या तो."
सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायला उद्या दुपारी दोनची वेळ ठरली.

८ मे, शुक्रवार
थोडक्यात वाचलो. 
सकाळी सर्व्हरला फायली पुन्हा वाचायला सांगितल्या, त्याला बंद करावं लागत नाही. मग विचारलं, लागू व्हायचा काही बदल बाकी आहे का? नाही म्हणाला. आकडा कुठून घेतोस? शंभर, raktapedhi_juni.conf. माझीच प्रत. त्या फोल्डरात .conf नावानं जे जे असेल ते तो नावाच्या क्रमानं वाचतो, आणि शेवटी वाचलेलं खरं धरतो. जुन्यानं नव्याला मागे टाकलं होतं. जपून ठेवली म्हणून.
न विचारता दोन वाजता बंद केला असता, तर ताईनं सुरू केलेला सर्व्हर थांबवून मिळालं असतं काय? तेच शंभर.
डॉक्टरांना चूक सांगितली. ते म्हणाले, "जमणार नसेल तर पुण्याहून माणूस बोलावतो. तो सगळं नव्यानं टाकेल."
"जमेल," म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला.

९ मे
ताईच्या स्वतःच्या फोल्डरात तिच्या सगळ्या प्रती आहेत, तारखेवार. conf.d च्या बाहेर. इतकी वर्षं शेजारी बसून हे कधी बघितलं नाही. माझी प्रत तिथे, तिच्या शेवटच्या प्रतीखाली नेऊन ठेवली.
सर्व्हरला फायली पुन्हा वाचायला लावून विचारलं. फाईलमध्ये चूक नाही. बदल बाकी आहे, सर्व्हर पुन्हा सुरू झाला की १५० लागू. डेटाची प्रतही दुसऱ्या डिस्कवर घेतली.
घरी आईला सांगितलं, सोमवारी दुपारी दोनला दोन मिनिटं बंद करणार.  फोटोपुढची मेणबत्ती विझली होती. ती लावायला उठली, काडी दोनदा मोडली. मग पेटी माझ्याकडे दिली.

११ मे, सोमवार. दुपारी १.४०
ऑफिसातच लिहितोय. घरी जाईपर्यंत धीर नाही.
नसीमनं कागदाची वही काढली, रकाने आखले. लॅबला कळवलं. फाईल आज दोनदा वाचली, एकदा खालून वर. चूक दिसत नाही. नसेलच असं नाही.
सर्व्हर एकोणचाळीस दिवस चालू आहे. दोनला अजून वीस मिनिटं.
ताईच्या खुर्चीत बसलो. माझ्या खुर्चीवरून की-बोर्ड लांब पडतो. सर्व्हर पुन्हा सुरू करायची ओळ टाइप करून ठेवली आहे, एंटर दाबायचं राहिलंय.
आईचा फोन येऊन गेला. "झालं का रं?"
"अजून नाही."
"बरं. मी हितंच हाय, फोनपाशी."