पुडिंग केबिनमध्ये नेण्याबाबत

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार खरोखरच साष्टांग समजावा. मी सवयीनं वरच्या बर्थवर पालथा पडून लिहितो आहे, त्यामुळे आठांपैकी बरीचशी अंगं आधीच टेकलेली आहेत. बसायला गेलं तर डोकं छताला लागतं.)

तुमची कंबर आता कशी आहे? मामी वेळच्या वेळी शेकून देतात ना? वाकू नका, वजन उचलू नका आणि जिन्यात फार लोकांना भेटू नका. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. कालपर्यंत आपापल्या ठिकाणी खुशाल होतो, काल रात्रीपासून एकत्र खुशाल आहोत. ते कसं घडलं, आणि त्यात तुमच्या भाच्याच्या अब्रूचं काय झालं, हे सविस्तर कळवण्यासाठी हे पत्र. उद्या बंदर लागलं की टाकीन. जहाजाला अजून बरंच हिंडायचं आहे, तेव्हा पत्र आमच्या आधी पोचेल.

तुमच्या तिकिटावर मी आलो त्याबद्दल तुमचे आभार मानावेत की तुमच्या कमरेचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहिणींना सांभाळायला तुम्ही येणार होतात, आलो मी. मी झुंबरं, आरसे, काचेची कपाटं सांभाळलेली आहेत, म्हणून आईला वाटलं की दोन मावश्याही सांभाळीन. पण आरसा गप्प असतो आणि त्याला दुसऱ्या आरशाचं काही वाटत नाही. शिवाय माझं यात काय अडकलं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. मावश्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मला स्वतःच्या पॅकिंगच्या दुकानासाठी हवी आहे. घर दोघींच्या नावावर, तेव्हा होकार दोघींचा हवा आणि तो एकाच वेळी हवा. आजवर असं झालं की धाकटी मावशी हो म्हणायची तेव्हा थोरलीचं डोकं दुखत असायचं, आणि थोरलीचं डोकं थांबेपर्यंत धाकटीचं मन फिरायचं. या प्रवासात निवांत बसून ठरवू, असं दोघींनी कबूल केलं होतं. मालकांच्या गोदामात दुसऱ्यांची झुंबरं गवतात गुंडाळत मला म्हातारं व्हायचं नसेल, तर ही सहल दोघींच्या गोडीगुलाबीत पार पडणं भाग होतं.

ती गोडीगुलाबी पहिल्याच रात्रीच्या जेवणात संपली. आमच्या टेबलावर एक निवृत्त स्टेशनमास्तर होते. पांढरा कोट, बोलणं हळू, आणि थोरली मावशी सांगेल ते लक्ष देऊन ऐकायची सवय. (हे शेवटचं आपल्या कुटुंबात तिनं कधी पाहिलेलं नाही.) ती त्यांना तिच्या नोकरीतल्या गोष्टी सांगत होती आणि ते मान डोलवत होते. तेवढ्यात एक मिशीवाला वेटर गोड पदार्थांचा ट्रे घेऊन आला. एका बाजूला मऊसूत पुडिंग, दुसऱ्या बाजूला साखरेच्या पाकात घट्ट बसवलेले बदाम. मावशीनं मोठ्या ऐटीत बदामांकडे बोट दाखवलं. धाकटी मावशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिला हल्ली स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो. ती तिथून म्हणाली, "अगं ताई, कवळी आहे ना तुझी. पुडिंग घे."

मामा, ते जेवणघर नाट्यगृहाएवढं आहे. तरी त्यात सगळ्यांनी ऐकलं. स्टेशनमास्तर सभ्य माणूस, ते छताकडे बघायला लागले. थोरल्या मावशीनं नॅपकिनची घडी घातली, तिच्यावर हात फिरवून ती सारखी केली आणि उठली. त्या जेवणघरात ती पुन्हा पाय ठेवणार नव्हती. तेवढ्यावर भागलं नाही. दोघींच्या केबिनला गोल खिडकी आहे, समुद्र दिसतो. ती केबिन तत्त्वासाठी सोडून ती पिशवी घेऊन माझ्या, म्हणजे तुमच्या, केबिनमध्ये आली. तुम्ही स्वतःसाठी बिनखिडकीची का निवडली होती हे मला आधी कळत नव्हतं. आता वाटतं, तुम्ही यायचं कधी ठरवलंच नव्हतं. (चुकत असेन तर माफ करा.) खालचा बर्थ तिचा झाला, वरचा माझा.

सकाळ-दुपारचं ती वरच्या डेकवर, धाकटी झोपलेली असताना उरकायची. रात्री मात्र केबिनमध्ये पाव आणि केळं. दुसऱ्या दिवशी मी जेवायला निघालो तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "येताना काहीतरी गोड आण. बदामाचंच आण. त्या मिशीवाल्या वेटरला सांग, मावशीसाठी पाहिजे. आणि तिला कळता कामा नये." तिला म्हणजे धाकटीला. मी बरं म्हटलं. खाली जाऊन टेबलाशी बसलो, तर धाकटी मावशी माझ्या कानाशी लागली. (तिच्या कानाशी लागण्याचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला, पण तिथे कुणाला मराठी येत नसावं.) "उपाशी असेल रे ती. पुडिंग ने तिच्यासाठी. मी दिलं म्हणालास तर याद राख." मी यालाही बरं म्हटलं. दोघींनाही बरं म्हणणं हाच या सहलीतला माझा उद्योग आहे.

आता अडचण अशी, की जेवणघरातला पदार्थ बाहेर नेता येतो का, हे मला माहीत नव्हतं. आमच्या गोदामात गेटपास नसेल तर रिकामं खोकंसुद्धा फाटकाबाहेर जात नाही. एकदा एका हमालानं तुटलेली दोरी खिशात घातली तर वॉचमननं त्याला फाटकात उभं केलं होतं. इथे तर भरलेली बशी. विचारलं आणि नाही म्हणाले, तर थोरली मावशी रुसणार. न विचारता नेलं आणि पकडलं, तर अख्ख्या जहाजासमोर शोभा. जहाजावरून माणूस पळून तरी कुठे जाणार? म्हणून मी विचारलं नाही. पॅक केलं.

पॅकिंगचं थोडक्यात सांगतो. (आईला हे सांगायला घेतलं की ती गॅस बघायला उठते, म्हणून तुम्हाला.) बदामाच्या तुकड्याचं काही नाही, तो नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात राहतो. पुडिंग हा मात्र अत्यंत वाईट माल. त्याला कोपरे नाहीत, पाठ नाही, कुठे धरावं तर धरायला जागा नाही, आणि जहाज डुललं की ते आपलंही डुलायला लागतं. न्हाणीघरात केस भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या टोप्या ठेवलेल्या असतात. ती टोपी वाटीवर अगदी मापानं बसते, जणू त्यासाठीच केलेली. मग माझ्या बुटांचं खोकं. तळाशी टॉवेल घातला, पण पहिल्या खेपेला जिन्यात जहाज कललं आणि पुडिंग टोपीला चिकटून बसलं. दुसऱ्या खेपेला मला झुंबर आठवलं. झुंबर आम्ही तळावर ठेवतच नाही, खोक्यात टांगतो. मी वाटी बुटांच्या नाड्यांनी खोक्याच्या आत टांगली. जहाज कुठेही कलो, पुडिंग सरळ. मामा, गोदामात कुणी पाहिलं असतं तर मला पगारवाढ मिळाली असती.

त्याच खेपेला मिशीवाल्या वेटरनं मला दारात अडवलं. जेवायला आलेला माणूस बगलेत बुटांचं खोकं घेऊन का जातो, एवढंच त्याला विचारायचं असावं. पण त्यानं तोंड उघडण्याआधीच मी चोरी कबूल केली. खोकं उघडलं, बदाम काढून दाखवले आणि म्हटलं, साहेब, याचा गेटपास कुठे मिळेल तेवढं सांगा, मी रांगेत उभा राहतो. तो खोक्यात टांगलेल्या पुडिंगकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कसला पास? सगळेच नेतात. बशीसकट ने आणि सकाळी दाराबाहेर ठेव, आम्ही गोळा करतो."

म्हणजे इतके कष्ट फुकट. मला हायसं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर जरा वाईटच वाटलं. खोकं मात्र मी चालूच ठेवलं, कारण जहाजाची परवानगी मिळाली तरी मावश्यांची कुठे होती? उघड्या बशीत बदाम दिसले तर धाकटीला कळणार, आणि पुडिंगाबद्दल जास्त बोललो तर थोरलीला कळणार.

वर केबिनमध्ये रोज काय व्हायचं ते ऐका. मी बदाम थोरलीसमोर ठेवायचो. ती त्यांच्याकडे प्रेमानं बघून म्हणायची, "ठेव, खाईन सावकाश." मग मी म्हणायचो, वेटरनं एक पुडिंग जास्तीचं दिलंय, उगाच वाया जाईल. "वाया कशाला घालवायचं?" असं म्हणून ती ते निव्वळ कर्तव्य म्हणून संपवायची, वाटीला चमचा लागेपर्यंत. त्यानंतर पोट भरलेलं असायचं. "आता ते बदाम तूच खा बाबा." तुम्हाला ठाऊक आहे, मी गोडाला हात लावत नाही. पण टाकून दिले तर तिला दिसणार, ठेवून दिले तर तिच्या मते वेटरला बशीत दिसणार की मावशीनं खाल्ले नाहीत (मी त्याच्याकडे मावशीचं नाव काढलंच नव्हतं, पण हे तिला कुठे माहीत?), आणि तिला त्याच्याच समोर तर चावून दाखवायचं होतं. म्हणून मी वरच्या बर्थवर पडून कडाकडा बदाम फोडायचो आणि खालून आवाज यायचा, "हळू खा रे, झोप लागत नाही."

असं दोन्हीकडचं सांभाळत छान चाललं होतं. पण तो वेटर मोकळ्या मनाचा निघाला. काल जेवताना त्यानं धाकट्या मावशीला कौतुकानं सांगितलं, की तुमच्या भाच्याला गोड फार आवडतं, रोज एक मऊ आणि एक कडक नेतो, आणि नेतो तेही किती जपून. धाकटीनं मऊ पाठवलं होतं. कडक कुठून आलं? तिनं सरळ हिशेब मांडला, की जो पोरगा चोरून कडक खातो तो ताईचं मऊही खात असणार. मी निघालो तशी ती मागोमाग निघाली, आणि लिफ्टशी तिनं मला खोक्यासकट पकडलं. झाकण उघडायला लावलं. आत पुडिंग झोके घेत होतं. "हे ताईच्या तोंडात जातं का तुझ्या, ते आज बघतेच," म्हणाली आणि दंड धरून मला केबिनवर घेऊन गेली.

थोरली मावशी बर्थवर केळं सोलत बसली होती. भांडण झाल्यापासून दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या. मी मध्ये खोकं धरून उभा. आता बघा मामा, खरं सांगायला कुणीतरी पुढे यायला हवं होतं. धाकटीनं म्हणायला हवं होतं, पुडिंग मी पाठवलं. थोरलीनं म्हणायला हवं होतं, बदाम मी मागवले. पण दोघी आपल्याच घरातल्या. धाकटी म्हणाली, "विचार त्याला, रोज दोन-दोन कुणासाठी नेतो. मी काही पाठवलेलं नाही हं. मला काय पडलंय?" थोरली म्हणाली, "मग मी मागवलं की काय? मी केळं खाते आहे, दिसतंय ना?"

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी थोरलीकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मला एवढंच दिसलं, की बोललास तर खोली विसर. धाकटीकडे पाहिलं, तिथेही तेच. मी खोक्याचं झाकण नीट बसवू लागलो. धाकटीनं माझ्या खिशातून बदाम काढून तिच्यासमोर धरले. "आणि हे? हेही तुझ्यासाठीच आणले म्हणेल आता तो."

थोरल्या मावशीनं त्या बदामांकडे पाहिलं. मला वाटलं आता पुन्हा कवळीवर येणार आणि सगळं मुसळ केरात. आणि ती म्हणाली, "माझ्यासाठी कसे असतील? मला कवळी आहे. हे त्याला माहीत नाही का?"

ज्या गोष्टीसाठी तिनं खिडकी सोडली, जेवणघर सोडलं, स्टेशनमास्तर सोडले, ती गोष्ट तिनं मला चोर ठरवण्यासाठी स्वतःच्या तोंडानं सांगितली. धाकटी मावशी बर्थच्या कडेला बसली आणि नेहमीपेक्षा पुष्कळ हळू म्हणाली, "बसवलीये मात्र चांगली हं ताई. कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही." थोरली म्हणाली, "वरची जरा सैल आहे." आणि ते पुडिंग दोघींनी एकाच चमच्यानं, आळीपाळीनं, माझ्या खादाडपणाबद्दल बोलत संपवलं. लहानपणापासूनच कसा होता, आईनं लाडावून ठेवला, हल्ली गालही आलेत. मी उभाच होतो. बसायला जागा नव्हती.

आज सकाळी थोरली खिडकीच्या केबिनमध्ये परत गेली. रात्री दोघी जेवणघरात शेजारी शेजारी बसल्या. तर ज्यानं आयुष्यात कधी दुसऱ्यांदा साखर मागितली नाही, तो तुमचा भाचा या जहाजावर चोरून पुडिंग खाणारा म्हणून प्रसिद्ध झाला आहे. मला हे सहन होत नाही. निदान एका माणसाला तरी खरं ठाऊक असावं, म्हणून तुम्हाला सगळं जसं घडलं तसं लिहिलं. मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
भाचा

ता. क. – वर लिहिलेलं खरं कृपया कुणालाही सांगू नका. सांगायचं राहिलं ते असं, की पुडिंग संपल्यावर दोघींनी माझं पुढे काय करावं याचाही विचार केला. अशा पोराला नजरेआड ठेवण्यात अर्थ नाही, आपल्या डोळ्यांसमोर कामाला लावला पाहिजे, असं धाकटी म्हणाली. थोरलीचं डोकं दुखत नव्हतं. रस्त्याकडची खोली मला मिळाली. मात्र घरी आल्यावर त्या तुम्हाला विचारणार आहेत, की हा पहिल्यापासूनच असा खादाड होता का. कृपया हो म्हणा. ठामपणे म्हणा, पदरचं एखादं उदाहरण घातलंत तरी चालेल. आईला मी विचारणार नाही, तिला खोटं जमत नाही. तुम्हाला जमतं.

दुसरं ता. क. – थोरली मावशी मघाशी विचारत होती, तुमची कंबर नेमकी कधी धरली. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी तुमचं नवं कपाट मी पॅक केलं होतं आणि त्याचं दुसरं टोक धरून तुम्ही त्या धरलेल्या कमरेनिशी चार जिने चढला होतात, हे मी तिला सांगितलेलं नाही. तूर्त.

आणखी एक – खोटं बोलायला तुमचं मन घेत नसेल तर एवढं लक्षात घ्या. आज जेवणानंतर मिशीवाल्यानं आपण होऊन माझ्यासमोर बदामांची बशी ठेवली. धाकट्या मावशीनं ती उचलून स्टेशनमास्तरांपुढे सरकवली. तेव्हा माझा हात बशीबरोबर टेबलाच्या अर्ध्यापर्यंत गेला होता. तेव्हा तुम्ही जे सांगाल, ते फार खोटं ठरेल असं नाही.